मुंबईच्या घरात हत्यारं घेताना: पडून राहणारी खरेदी कशी टाळायची

‘एकदाच वापरलेलं, बॉक्ससकट, अर्ध्या किमतीत.’ सोसायटीच्या ग्रुपवर अशी जाहिरात आली की ती बहुधा ट्रेडमिलची असते, नाहीतर ड्रिल मशीनची. ट्रेडमिलचं कारण सगळ्यांना कळतं. ड्रिलचं जरा वेगळं असतं. मशीन चांगलं असतं, घेणाऱ्याची हौस खरी असते, पण त्या घरात, त्या भिंतीत आणि त्या सोसायटीच्या नियमांत त्याला कामच उरत नाही.

सुतारकाम, घरदुरुस्ती किंवा छोटी जोडकामं नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझी कार्यशाळा म्हणजे भांडुपमधल्या फ्लॅटची बाल्कनी आणि एक घडीचं टेबल. ज्यांच्याकडे गॅरेज किंवा गावी पडवी आहे त्यांना यातलं बरंच काही चिंधीगिरीचं वाटेल. त्यांनी सरळ पाचव्या पायरीवर जावं.

१. यादी कामांची करा, हत्यारांची नंतर

वहीत तीन रकाने आखा: काय करायचंय, कशात करायचंय, वर्षातून किती वेळा. ‘शेल्फ लावणे’ एवढं लिहून भागत नाही. ‘हॉलच्या काँक्रीटच्या भिंतीवर चार शेल्फ, एकदाच’ असं लिहा. ‘एकदाच’ असलेल्या ओळीसाठी मशीन विकत घ्यायचं नाही, ते भाड्याने आणायचं किंवा माणूस बोलवायचा. ज्या ओळीत ‘महिन्यातून’ आलं तिथे खरेदीचा विचार सुरू होतो.

व्हिडिओ बघून यादी केली की इथेच फसगत होते. अमेरिकेतला माणूस गॅरेजमध्ये उभा राहून पाइनच्या जाड फळ्या रंधून घेतो, त्यामुळे त्याला टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत) लागतो, फळी सपाट करायला प्लेनर लागतो, जाडी एकसारखी करायला थिकनेसर लागतो. आपल्याकडे घरगुती काम होतं ते प्लाय, ब्लॉकबोर्ड आणि एमडीएफवर. हे सगळं सपाट आणि ठरलेल्या जाडीचं, ६, ९, १२, १८-१९ मिलीमीटरचं येतं. सपाट माल सपाट करायच्या मशीनवर पैसे घालायचं कारण नाही. सागाच्या जुन्या वाशांपासून काही बनवायची आवड असेल तर गोष्ट वेगळी, पण ती आवड आधी हातरंध्यावर तपासून बघा.

२. घराची तपासणी करा

*भिंत.* मुंबईत ही पहिली गोष्ट बघायची, आणि ड्रिल विकणारा दुकानदार ती विचारत नाही. जुन्या चाळीत आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या इमारतीत भिंती विटांच्या असतात. तिथे ५००-६०० वॉटचं साधं इम्पॅक्ट ड्रिल छान चालतं. अलीकडच्या अनेक टॉवरमध्ये मात्र मिवान पद्धतीचं बांधकाम असतं. त्यात अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात. तिथे साधं इम्पॅक्ट ड्रिल नुसतं किंचाळतं, बिटचं, म्हणजे भोक पाडणाऱ्या सळीचं, टोक लाल होतं आणि भोक नखभर पडतं. मग ‘मशीन बेकार निघालं’ म्हणून ते कायमचं माळ्यावर जातं. काँक्रीटला रोटरी हॅमर लागतो. त्यात आतला पिस्टन बिटवर ठोके मारतो, त्यामुळे आपल्याला जोर लावावा लागत नाही. पण त्याचे एसडीएस बिट (दांड्याला खाचा असलेले) वेगळे असतात. साध्या ड्रिलचे बिट त्यात बसत नाहीत, त्याचे साध्यात बसत नाहीत. म्हणजे मशीनबरोबर बिटचा नवा संच घेणं आलं.

भिंत ओळखायची तर एखाद्या जुन्या भोकातली भुकटी बघा. लाल असेल तर वीट. पांढुरकी आणि मऊ, नखाने खरवडता येईल अशी असेल तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटा. राखाडी आणि कडक असेल तर काँक्रीट. एएसी ब्लॉकमध्ये हॅमर मोड (ठोके मारण्याची सोय) बंद ठेवून साधं भोक पाडा, नाहीतर ते मोठं होतं आणि गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात बसवतात तो तुकडा, सैल पडते. विटांच्या घरातही कॉलम आणि बीम काँक्रीटचेच असतात. पडद्याची पट्टी नेमकी खिडकीवरच्या बीमवर येते, आणि नवखा माणूस पहिलं भोक तिथेच पाडायला जातो. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, भिंतीतली वायर बहुधा त्याच वाटेने जाते.

*प्लग.* आपला वीजपुरवठा २३० व्होल्टचा. ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर हिशेबाने साधारण १,३८० वॉटपर्यंतचं मशीन चालतं. ड्रिल, छोटा ग्राइंडर, जिगसॉ (वर-खाली हलणाऱ्या बारीक पात्याची करवत) यात बसतात. चॉप सॉ आणि टेबल सॉ बहुतेकदा दीड-दोन हजार वॉटच्या पुढे जातात, त्यांना १६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग लागतो. घरात तो एसीला आणि गीझरला दिलेला असतो. बाथरूमपासून बारीक वायरीचं एक्स्टेन्शन ओढत आणून मशीन चालवायचा बेत असेल तर ते मशीन घेऊच नका. वायर तापते.

यातलाच एक प्रकार म्हणजे अमेरिकेहून मामेभावाने आणलेलं मशीन. तिकडे १२० व्होल्ट असतात. ते थेट आपल्या प्लगला लावलं तर जळतं. चालवायचं तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, तो जड असतो आणि फुकट आलेल्या मशीनला पुन्हा खर्च. प्रेमाने ‘नको, परफ्यूम आण’ म्हणावं.

*आवाज.* २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ग्राइंडर चालवणाऱ्याच्या कानाशी ९० च्या वर जातो. पण खरा कायदा सोसायटीचा. बहुतेक ठिकाणी दुपारी ठोकाठोक बंद असते आणि रविवारी तर नाहीच. तुम्ही सोमवार ते शुक्रवार नोकरीला जाता. मग ते सर्क्युलर सॉ चालणार कधी? विकत घेण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात वेळा विचारा आणि आपल्या वेळेशी ताडून बघा. नोकरदारांच्या घरी मोठी मशीनं पडून राहण्याचं मुख्य कारण मला तरी हेच दिसतं.

भाड्याच्या घरात असाल, अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स असेल, तर प्रत्येक भोकाला मालकाची परवानगी लागते. तिथे ड्रिलपेक्षा चांगले चिकट हुक कामाला येतात.

३. जे दुकानात होतं ते घरी करू नका

प्लायचा पूर्ण शीट ८ बाय ४ फुटांचा. १९ मिलीमीटरचा असेल तर वजन तीस-पस्तीस किलोच्या घरात. तो बहुतेक इमारतींच्या लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्याच्या वळणावर अडतो, आणि वर आणला तरी टाकायचा कुठे? म्हणून कापूनच आणायचा. बऱ्याच प्लायच्या दुकानांत किंवा त्यांच्या शेजारी पॅनल सॉ असतो. मापांची चिठ्ठी दिली की काही पैसे घेऊन कापून देतात. तो काप सरळ आणि काटकोनात येतो, बाल्कनीत हाताने तसा येत नाही.

चिठ्ठी नीट लिहा. लांबी आधी, रुंदी मग, मिलीमीटरमध्ये, आणि लाकडाचा दाणा कोणत्या दिशेने हवा ते बाणाने दाखवा. करवतीच्या पात्याची जाडी तीन मिलीमीटरच्या आसपास जाते, तीही धरा. नाहीतर शेवटचा तुकडा आखूड येतो आणि दुकानदार म्हणतो, ‘साहेब, मापं तुमचीच.’ एवढं केलंत की टेबल सॉ, सर्क्युलर सॉ आणि त्यांना लागणारी जागा, तिन्ही यादीतून जातात.

रोटरी हॅमर, उंच घोडा (घडीची शिडी), टाइल कटर या वस्तू हार्डवेअरच्या काही दुकानांत दिवसाच्या भाड्याने मिळतात. ओळखपत्राची प्रत आणि डिपॉझिट ठेवावं लागतं. घेताना मशीन दुकानातच चालवून बघा, वायर कुठे चिरली असेल तर त्याचा फोटो काढा. हिशेब साधा आहे. समजा मशीन सात हजारांचं आणि भाडं दिवसाला पाचशे, तर चौदा दिवस वापराल तेव्हा बरोबरी. वहीतला तिसरा रकाना बघा आणि ते चौदा दिवस किती वर्षांत भरतील ते स्वतःला खरं सांगा.

४. पहिली पेटी

ही घेतलीत तर पस्तावणार नाही:

- ५ मीटरची टेप आणि एक चांगला गुण्या (काटकोन बघायला)
- दोन आकारांचे पेचकस, फुलीचे आणि सपाट
- पक्कड, नोज प्लायर, मध्यम वजनाची हातोडी
- ८, १०, १२, १३, १४ आणि १७ चे पाने. एम-६ बोल्टला १० चा पाना लागतो, एम-८ ला १३ चा, एम-१० ला बहुधा १७ चा
- बारीक दातांची हातकरवत आणि हॅक्सॉ
- १२ आणि २५ मिलीमीटरची पटाशी, आणि तिच्याबरोबर धारेचा दगड
- सी-क्लॅम्प निदान चार
- गॉगल, कानात घालायचे प्लग, एन-९५ मास्क
- वहीत गरज दिसली तरच ड्रिल

धारेच्या दगडाबद्दल थोडं सांगतो. नवी पटाशी दुकानातून धारदार येत नाही. दगड नसेल तर ती लाकूड कापत नाही, चिरडते. माणूस कंटाळतो आणि पटाशी रंगाचे डबे उघडायला वापरतो. क्लॅम्पचंही तसंच. हलणारं लाकूड एका हाताने धरून कापता येत नाही, आणि मग दोष करवतीला लागतो. पडून राहिलेली निम्मी हत्यारं जोडीदाराविना आलेली असतात. कोणतंही हत्यार घेताना त्याच्या सोबत आणखी काय लागेल ते विचारा आणि ते सगळं मिळून किंमत काढा.

हाताची हत्यारं देशी चांगली मिळतात. नाशिकला बनणाऱ्या टपारियाचे पाने-पकडी गल्लीतल्या प्लंबरपासून मोठ्या गॅरेजपर्यंत सगळ्यांकडे दिसतात. तिथे परदेशी नावासाठी जास्त पैसे देण्यात मला अर्थ दिसत नाही.

५. हमखास पडून राहणाऱ्या वस्तू

*शंभरेक तुकड्यांची टूलकिट.* दिवाळीच्या सेलमधली लाडकी. आकडा फुगवायला त्यात गिट्ट्या, खिळे आणि लहान-लहान बिटसुद्धा मोजलेले असतात. सॉकेटचे काही आकार इंचातले असतात, ते आपल्या स्कूटरला किंवा कपाटाला कुठेच लागत नाहीत. जे खरंच लागतं, म्हणजे पेचकस आणि पक्कड, ते नेमकं हलक्या लोखंडाचं. पेटीचा साचा असा की एक वस्तू बाहेर काढली तर परत बसत नाही.

*राउटर (लाकडाच्या कडा कोरायचं मशीन) आणि बिटचा मोठा संच.* लाकडाला सुंदर कडा येतात, हे खरं. पण भुसा सगळ्या घरभर उडतो, आवाज भयंकर, आणि वन बीएचकेमध्ये तो चालवायला कोपरा नसतो. संचातले दोन-तीन बिटच कामाचे असतात. घ्यायचाच असेल तर ट्रिमर, म्हणजे छोटा राउटर, घ्या आणि बिट लागतील तसे सुटे आणा.

*ग्राइंडरला लावायची लाकडाची दातेरी चकती.* ही पडून राहिली तर नशीब समजा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. दात लाकडात अडकला की मशीन हातातून उसळतं. बाजारात मिळते, मिस्त्री वापरतानाही दिसतात, तरी तुम्ही घेऊ नका. ग्राइंडरचं गार्डही काढू नका.

*लेझर लेव्हल.* चार चित्रं टांगायला पाण्याची लेव्हल पुरते. मॉड्यूलर किचन बसवणाऱ्याला लेझर लागतो, तुम्हाला नाही.

*बेंच ग्राइंडर, मोठा व्हाइस (वस्तू आवळून धरणारा), ड्रिल स्टँड.* वाईट काहीच नाहीत, पण तिघांनाही हलणार नाही असं टेबल लागतं. टेबल आधी, ही नंतर.

*जिगसॉ* मात्र या यादीत टाकायला मन होत नाही. पुष्कळांकडे पडून असतो हे खरं, पण कारण बहुधा बोथट पातं असतं. लाकडाचं आणि धातूचं पातं वेगळं येतं. नवं घालून एकदा बघा, मग विकायचं ठरवा.

६. बॅटरीची भानगड

बिनवायरीचं मशीन बाल्कनीत सोयीचं पडतं. पण एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. पहिलं मशीन घेता तेव्हा खरं तर बॅटरीचं घराणं निवडता. स्वस्त पडला म्हणून ड्रिल एकाचा आणि ग्राइंडर दुसऱ्याचा घेतलात तर दोन चार्जर, चार बॅटऱ्या, आणि गरजेच्या वेळी भरलेली एकही नाही.

डब्यावरच्या व्होल्टला भुलू नका. १८, २० आणि २१ हे बहुतेक वेळा एकच असतं. आत लिथियमचे पाच सेल असतात. त्यांचे सरासरीने १८ व्होल्ट होतात, पूर्ण भरल्यावर २०-२१. ‘४८’ किंवा ‘८८ व्हीएफ’ असं छापलेलं दिसलं तर तो आकडा ग्राहकासाठी असतो, मशीनसाठी नाही. ऑनलाइन किंमत फारच कमी वाटली तर बॅटरी आणि चार्जर त्यात धरलेत का ते वाचा. नुसतं धडही विकतात.

न वापरता पडलेली बॅटरी खराब होते. वर्षातून दोनदा लागणारं मशीन म्हणून वायरवालंच घ्यावं. ते पाच वर्षं कपाटात राहिलं तरी प्लग लावल्यावर चालतं.

७. नागदेवीला जाताना

मशीद बंदर स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट. पाने, बिट, व्हाइस, बेअरिंग, मशीनं, सगळं एका गल्लीत. वायर, स्विच, प्लग यांसाठी पुढे लोहार चाळ, आणि सोल्डरिंग किंवा मल्टिमीटरसाठी ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड. रविवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात. बाकीच्या दिवशीही संध्याकाळच्या लोकलच्या गर्दीआधी निघा. दहा किलोचं खोकं घेऊन सहाची डोंबिवली फास्ट पकडणं हे वेगळंच कसब आहे.

जवळ ठेवा:

- वहीतली यादी आणि ठरवलेली रक्कम
- ज्या बोल्टसाठी किंवा स्क्रूसाठी हत्यार हवंय तो नमुना. ‘साधारण एवढा’ असं बोट दाखवून घेतलेली वस्तू हटकून चुकते
- प्लायचा सरळ कडेचा छोटा तुकडा आणि टोकदार पेन्सिल, गुण्या तपासायला

गुण्याची तपासणी दुकानातच करा. कडेला टेकवून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या बरोबर, फाकल्या तर परत द्या. ड्रिलमध्ये लांब सरळ बिट लावून चालवायला सांगा. टोक गोल फिरताना दिसलं तर चक, म्हणजे बिट धरणारा भाग, वाकडा आहे.

पक्कं बिल मागा, त्यावर दुकानाचा जीएसटी क्रमांक आणि मशीनचा सीरियल नंबर हवा. ‘बिल नको असेल तर इतके कमी’ हे ऐकायला गोड लागतं, पण वॉरंटीसाठी तोच कागद लागतो. नामांकित कंपन्यांची नक्कलही या बाजारात फिरते, म्हणून अधिकृत विक्रेता कोण ते आधी कंपनीच्या साइटवर बघून जा. घरी आल्यावर बिलाचा आणि नंबरप्लेटचा फोटो काढा. थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते. छापील किमतीवर सूट विचारायला लाजू नका, सगळे विचारतात.

८. जुनं घ्यायचं असेल तर

चोर बाजारात लोखंडी रंधे आणि जुने व्हाइस चांगले मिळतात. हाताच्या हत्यारांत जुनं लोखंड कधीकधी नव्यापेक्षा सरस असतं, वरचा गंज घासून जातो. खोल खड्डे पडले असतील किंवा ओतीव लोखंडाला तडा असेल तर हात लावू नका. विजेचं मशीन मात्र चालवून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. कार्बन ब्रशजवळ थोड्या ठिणग्या चालतात, पण गोल फिरणारी आग आणि जळका वास म्हणजे आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) गेलं. ब्रश बदलणं स्वस्त, वाइंडिंग महाग.

९. पावसाळ्याआधी

जून ते सप्टेंबर मुंबईची हवा लोखंडाची वैरी असते, समुद्राजवळ तर बाराही महिने. मेअखेरीस पटाश्या, रंधे आणि करवती पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. स्प्रेच्या डब्यातलं पातळ तेल ओल घालवायला चांगलं, पण ते टिकत नाही. बंद झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. बाहेरच्या भिंतीला लागलेल्या माळ्यावर आणि बाल्कनीत ठेवू नका. फोमच्या खाचेत ओल धरून राहते, तेव्हा चार महिने हत्यारं त्यातून बाहेर काढलेली बरी. बॅटरी साधारण अर्धी भरून, मशीनपासून सुटी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी तपासा.

१०. आधीच पडून असेल तर

वॉरंटी बाकी असताना विका, तेव्हाच बरी किंमत येते. फोटोत बिल, सीरियल नंबर आणि चालू मशीन दिसू द्या. बिलावरचा तुमचा पत्ता आणि फोन झाकायला विसरू नका. ड्रिल, ग्राइंडर, रोटरी हॅमर लवकर जातात. राउटर आणि टेबल सॉ यांना गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो, तिथे घासाघीस फार करू नका. टूलकिटची पेटी कुणी घेत नाही. तिच्यातली कामाची चार हत्यारं स्वयंपाकघराच्या खणात ठेवा, बाकी इमारतीच्या वॉचमनला किंवा प्लंबरला विचारा.

एक पर्याय सोसायटीतच आहे. चार-पाच घरांनी मिळून एकच रोटरी हॅमर आणि एक घोडा ठेवायचा. कुणाकडे आहे ते एका वहीत लिहायचं, आणि बिट ज्याचे त्याने आणायचे, कारण भांडण होतं ते बिटावरून.

मेलेलं मशीन भंगारवाल्याला आणि मेलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात, असं करू नका. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेटते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला द्या. देण्याआधी तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा.